लाजाळू हवा भरून मिटत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तिघं कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात. सिलिकॉनचं लाजाळूसारखं रोप केलंय, हात लावला की आत पंपाने हवा भरते आणि पानं मिटतात. विशेष मुलांच्या एका शाळेत ते नेऊन ठेवलंत आणि चार अडचणी आल्या. तिसऱ्या दिवशी जोड सुटला. पंपाच्या आवाजाने काही मुलं कान झाकून घेतात. पाऊस सुरू झाल्यापासून कुणी हात न लावताच रोप मिटतं. आणि मुलं दोनदा हात लावून उठून जातात. पहिल्या तिन्हींवर उपाय विचारलाय. चौथीबद्दल फक्त "मुलांचं लक्ष टिकत नाही" असं लिहिलंय.

मी चौथीपासूनच सुरू करणार आहे, कारण मुलांचं लक्ष टिकत नाही हे मला मान्य नाही. तुमच्या रोपाकडे दोन स्पर्शांत सांगून संपेल एवढंच आहे. हात लावला, मिटलं. दोन सेकंदांनी उघडलं. पुन्हा हात लावला, तसंच मिटलं. दाराची बेलही हेच करते. ही चौथी अडचण नीट सोडवायला घेतली की आवाजाची आणि पावसाची अडचण त्याच दुरुस्तीत जाते. जोडाचं तेवढं वेगळं सांगतो.

माझ्याबद्दल एवढंच की उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. वडिलांपासून फाउंड्र्यांना पॅटर्न (ओतायच्या वस्तूचा नमुना) आणि कोअर बॉक्स (तिच्या आतल्या पोकळीसाठी लागणाऱ्या कोअरचा साचा) करून देतो. गेली नऊ-दहा वर्षं त्याच्या जोडीला हवेवर चालणाऱ्या मऊ वस्तू करतोय, जास्त करून शाळा आणि फिजिओथेरपीवाल्यांसाठी. त्यामुळे सांगणार आहे ते साच्याच्या माणसाच्या नजरेतून.

आधी एक काम करा. नर्सरीतून खऱ्या लाजाळूची कुंडी आणा, टेबलावर ठेवा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून तासभर बसा. व्हिडिओ बघून हे होत नाही. एका टोकाच्या पर्णिकेला काडीचं टोक नुसतं टेकवा. तिथल्या एक-दोन जोड्या मिटतील आणि थांबेल. जरा जोरात टिचकी मारा, मग मिटणं जोडी-जोडीने देठाकडे सरकत जाईल. झटका दिलात तर अख्खा देठच बुडापासून खाली पडेल. म्हणजे एकाच झाडाकडे स्पर्शाच्या जोराप्रमाणे तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. आता हात मागे घ्या आणि उघडायला किती वेळ लागतो ते बघा. मिटायला काही सेकंद, उघडायला दहा मिनिटं, कधी वीस. आणि तेच तेच हलके धक्के वारंवार देत राहिलात, तर थोड्या वेळाने ती मिटायचंच सोडून देते. या धक्क्यात धोका नाही हे तिला कळल्यासारखं वागते.

जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्यात शंभर वर्षांपूर्वी याच झाडाला यंत्र जोडलं होतं. काजळी धरलेल्या काचेवर ठिपके उमटवून त्यांनी धक्का आणि उत्तर यांच्यातला वेळ मोजला. लाजाळूवर काम करायचं तर पानांच्या आकाराआधी वेळेकडे बघायचं, ही शिस्त मी त्यांच्याकडून घेतली.

आता देठाच्या बुडाशी असलेली फुगीर गाठ बघा. भिंग घेतलंत तर उत्तम. सगळी यंत्रणा त्या गाठीत आहे. तिथल्या पेशी पाण्याने टच्च भरलेल्या असतात, म्हणून देठ उभा असतो. स्पर्शाचा विद्युत संदेश तिथे पोचला की गाठीच्या खालच्या अर्ध्या भागातल्या पेशींमधून पोटॅशियम आणि क्लोराइडचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणी निघून जातं, खालची बाजू सैल पडते आणि देठ लवतो. परत उभं राहायला तेच पाणी पेशींत पुन्हा ओढून घ्यावं लागतं. त्याला ऊर्जा लागते, म्हणून वेळ लागतो.

तुमच्या रोपात नेमकं याच्या उलट चाललंय. तुम्ही मिटायला हवा भरता. लाजाळू भरून मिटत नाही, सोडून मिटते. तिची मेहनत उघडण्यात आहे.

मला हे कळायला दोन वर्षं गेली. माझंही पहिलं रोप हात लावला की पंप सुरू करायचं, आणि मी आवाज कमी करायला पंपाभोवती थर्माकोल गुंडाळत बसायचो. मग एकदा कुंडीसमोर बसलेला असताना लक्षात आलं की स्पर्शाच्या क्षणी इथे काहीच "सुरू" होत नाही, काहीतरी सुटतं. रोप उघडं असताना हवेने भरलेलं ठेवायचं, हात लागला की व्हॉल्व्ह उघडून हवा सोडून द्यायची, आणि मग सावकाश भरायचं. स्पर्शाच्या क्षणी पंप चालायचं कारणच उरत नाही.

यातून साच्याची एक गोष्ट आपोआप ठरते आणि तीच बहुतेकांकडून उलटी होते. सिलिकॉनला साच्यातला आकार लक्षात राहतो. हवा काढली की ते त्या आकाराकडे परत जातं. म्हणून रोप मिटलेल्या अवस्थेत ओतायचं. हवा त्याला उघडेल, हवा गेली की रबराच्या स्वतःच्या ओढीने ते मिटेल. तुम्ही पानं पसरलेली ओतली आहेत, त्यामुळे मिटवायला हवेला रबराशी भांडावं लागतं.

आणखी एक, यात कोडची एक ओळही लागत नाही. पानाच्या कप्प्यांची माळ करा, मधल्या वाटा दीड मिलिमीटरच्या ठेवा आणि हवा सोडायची नळी देठाकडून न काढता पानाच्या टोकाकडून काढा. टोकाची जोडी आधी रिकामी होईल, मग तिच्या मागची, मग त्याच्या मागची. मिटण्याची लाट टोकाकडून बुडाकडे आपोआप जाते. तुम्ही हे सहा व्हॉल्व्ह आणि टायमर लावून करायला निघाला होतात.

आता हवा कुठून आणायची. इथे मी कोल्हापूरचा माणूस म्हणून सांगतो: फुटबॉल घ्या. पाच नंबरचा, शिलाई घट्ट असलेला, फुटबॉल खेळणाऱ्या तालमीच्या पोरांकडे पडून असतो तसा जुना चालेल. नियमाप्रमाणे चेंडूत ६० ते ११० किलोपास्कल दाब असतो, पोटात साधारण साडेपाच लिटर जागा. सकाळी हातपंपाने ६० किलोपास्कलपर्यंत भरा. पिन टोचून तिला सलाइनची नळी जोडा, वाटेत एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारा, व्हॉल्व्ह लावा आणि त्याच्या पुढे इंजेक्शनची बारीक सुई बसवा. सुईचं काम हवेला अडवून धरायचं. रोपाला १०-१२ किलोपास्कल पुरतात आणि सगळ्या कप्प्यांत मिळून ४० मिलिलिटर हवा मावते असं धरलं, तर चेंडू २० किलोपास्कलवर येईपर्यंत पन्नासेक वेळा रोप उघडेल. शाळेतल्या एका सकाळीला तेवढं पुष्कळ झालं. पंप शाळेत नेऊच नका.

व्हॉल्व्ह दोन लागतील, एक भरायचा, एक सोडायचा. दोन्ही नॉर्मली क्लोज्ड घ्या, म्हणजे वीज गेली तर जिथल्या तिथे बंद राहतील. सोडायच्या व्हॉल्व्हची वाट रुंद हवी, चार मिलिमीटरची नळी, म्हणजे रोप सेकंदाच्या आत पडतं. सोलेनॉइडचा "टक्" असा आवाज राहतोच. तो फोममध्ये गुंडाळून डब्यात घाला आणि डबा मीटरभर लांब, टेबलाखाली ठेवा. हवा निघण्याचा जो हलका "हुस्स" येतो तो मात्र दाबू नका. माझ्या अनुभवात मुलांना तो आवडतो, श्वास सोडल्यासारखा असतो. चेंडूतला दाब रोपाला झेपेल त्याहून कितीतरी जास्त आहे, म्हणून सुई बारीकच हवी. भरायचा व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला, तरी रोप फुगायला वेळ लागेल आणि तेवढ्यात कुणाच्या तरी लक्षात येईल. शिवाय १४ किलोपास्कलला सोडायचा व्हॉल्व्ह उघडेल असं कोडमध्ये घालून ठेवा.

पाऊस. तुम्ही कपॅसिटिव्ह सेन्सर लावलाय, सिलिकॉनखाली तांब्याची पट्टी. त्यात दोष सेन्सरचा नाही. तो पट्टीजवळच्या विद्युत क्षेत्रातला बदल मोजतो आणि पाण्याने तो बदल मोठाच होतो. जुलैत आपल्याकडे भिंतीला ओल येते, कपडे चार दिवस वाळत नाहीत. सिलिकॉनवर बसलेला दमटपणा आणि मुलांचे ओले हात यांत फरक करणं त्याला अवघड जातं. बेसलाइन, म्हणजे स्पर्श नसतानाचा आकडा, सतत दुरुस्त करत राहिलं तर चालतं, पण मी आता त्या वाटेला जात नाही.

कारण रोप आता कायम हवेने भरलेलं आहे, आणि भरलेल्या वस्तूला बोट लावलं की आतला दाब वाढतो. हवाच सेन्सर झाली. बीएमपी२८० नावाचा हवामानाचा छोटा सेन्सर सगळीकडे मिळतो. तो एका लहान हवाबंद डबीत बसवून टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, वापरून नळीला लावा. हा सेन्सर ११०० हेक्टोपास्कलपर्यंत मोजतो (दहा हेक्टोपास्कल म्हणजे एक किलोपास्कल). समुद्रसपाटीला बाहेरचीच हवा १०१३ असते, म्हणजे तिथे वर जेमतेम नऊ किलोपास्कल उरतात. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथली हवा ९५० च्या आसपास असते, त्यामुळे आपल्याला पंधरा किलोपास्कल मोकळे मिळतात. हाच सेन्सर घेऊन मुंबईत रोप केलं तर पुरणार नाही, तिथे वेगळा घ्यावा लागेल.

या सेन्सरला काही पास्कलचा फरक कळतो. पानावर बोट टेकवलं की दहा-वीस पास्कल, मुठीत धरलं की शेकड्यांनी. उन्हाने किंवा पंख्याने दाब हळूहळू बदलतो, बोटाने पटकन बदलतो. त्यामुळे आकड्याकडे न बघता तो किती वेगाने बदलतोय हे बघा. ओल्या हाताने, मोजा घातलेल्या हाताने, कोपराने, गालाने, कशानेही स्पर्श केला तरी चालतं. विशेष मुलांच्या शाळेत हे फार महत्त्वाचं आहे. तिथे सगळी मुलं बोटाच्या टोकाने हात लावत नाहीत. रोप मिटलेलं असताना त्याला फारसं काही कळत नाही ही उणीव आहे, पण मिटलेल्या लाजाळूलाही तुम्ही पुन्हा मिटवू शकत नाही.

आता परतण्याबद्दल, कारण मुलं तिथेच थांबणार आहेत.

नुसत्या लाजाळूवर अवलंबून राहू नका. पहिल्या पावसात पैसा किडा निघतो, त्याला काडी लावा. क्षणात चकली होते. उलगडताना बघा: लगेच उलगडत नाही, आधी थोडा सैल होतो, थांबतो, मिशा बाहेर काढतो, चाचपतो आणि मगच चालायला लागतो. गोगलगाय डोळ्याची शिंगं आत ओढते आणि बाहेर काढताना एकदम काढत नाही, एक थोडं पुढे, दुसरं मागून. तेरड्याचं बोंड मात्र एकदाच. पिकलेल्याला बोट लागलं की फुटून कवच गुंडाळतं आणि बिया उडतात, परत काही नाही. गौरीच्या दिवसांत आपण सगळ्यांनी ती बोंडं फोडलीत. खेळ म्हणून ते भारी आहे, पण रोज शाळेत ठेवायच्या वस्तूला त्याचा उपयोग नाही.

आणि म्हैस. हे मी गंगावेशीत दूध प्यायला गेलो असताना बघितलं, तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. धार काढायला उभी असलेली म्हैस, मान स्थिर, डोळे अर्धे मिटलेले. पाठीवर माशी बसली. सगळी म्हैस हलली नाही. जिथे माशी बसली तिथलीच वीतभर कातडी थरथरली, पाण्यावर खडा पडावा तशी, आणि थांबली. माशी उडाली, दोन बोटं पुढे बसली. आता ती नवी जागा थरथरली. कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो, तो कातडीलाच हलवतो. इतक्या मोठ्या जनावराने इतक्या लहान स्पर्शाला दिलेलं ते नेमकं, जागेवरचं उत्तर होतं. त्या दिवशी दुकानात येऊन मी सिलिकॉनच्या एका पट्टीत अंगठ्याएवढे नऊ वेगळे कप्पे केले, प्रत्येकाला स्वतःची नळी दिली आणि बोट जिथे टेकेल तोच कप्पा तीन वेळा हलका फुगवला. ती पट्टी आजही ग्राहकांच्या हातात सगळ्यात जास्त वेळ राहते. तुमच्या पुढच्या वस्तूसाठी हे लक्षात ठेवा. आत्ता लाजाळूच पुरी करा.

माणसाच्या कातडीकडूनही एक आकडा घ्यायचाय. आपल्या केसाळ कातडीत, म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला, पाठीवर, काही सावकाश नसा असतात. त्या सगळ्यात जास्त जाग्या होतात सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने हात फिरवला तर, साधारण तीन सेंटिमीटरच्या आसपास. आई लेकराच्या पाठीवरून हात फिरवते तो हाच वेग. आपण कुणालाही कुरवाळताना नकळत त्याच वेगाने हात फिरवतो. म्हणून रोपाच्या बुंध्यात वर-खाली दोन छोटे वेगळे फुगे ठेवा, तीन सेंटिमीटर अंतरावर, प्रत्येकाला स्वतःचा दाबाचा सेन्सर. वरचा दबल्यावर खालचा सेकंदभराने दबला तर ते कुरवाळणं. दोन्ही एकदम दबले तर ते पकडणं किंवा चापट. पकडलं तर रोप मिटू दे. कुरवाळलं तर मिटायचं नाही, उलट मिटलेलं असेल तर थोडं लवकर उघडायचं. हे मुलांना सांगू नका. त्यांना ते सापडू द्या.

उघडण्याचा वेळ खऱ्या लाजाळूएवढा ठेवता येणार नाही, दहा मिनिटं कुणी थांबणार नाही. मी चाळीस सेकंदांपासून दीड मिनिटापर्यंत ठेवतो आणि सरळ रेषेत भरत नाही. मिटल्यावर आठ-दहा सेकंद पूर्ण शांत. मग थोडीशी हवा, इतकी की पानं जेमतेम सैल व्हावीत. पुन्हा थांबणं. मग बाकीची. पैसा किड्याची ती चाचपणी इथे वापरायची. मध्येच कुणी हात लावला तर सगळं न सोडता थोडंच सोडायचं. आणि दहा सेकंदांत तिसरी-चौथी टिचकी आली तर मिटायचंच नाही. हा सवयीचा हिशेब हळूहळू विसरत न्यायचा, म्हणजे पाच मिनिटांनी रोप पुन्हा पहिल्यासारखं लाजरं होतं.

एका शाळेत आम्ही असं रोप ठेवलं होतं. नऊ वर्षांचा एक मुलगा, बोलत नाही, वर्गात जागेवर पाच मिनिटं टिकत नाही. त्याने पहिल्यांदा चापट मारली. रोप पडलं. त्याने पुन्हा मारली, काही झालं नाही. तो उठला, दारापर्यंत गेला, वळून बघितलं. तेवढ्यात रोपाने ती पहिली थोडीशी हालचाल केली. तो परत आला, खाली बसला आणि हात रोपापासून चार बोटांवर धरून तसाच थांबला. पानं उघडत त्याच्या तळहाताला टेकेपर्यंत त्याने हात हलवला नाही. बाईंनी घड्याळ बघितलं होतं, सव्वा मिनिट झालं होतं. पुढच्या वेळी त्याने चापट मारली नाही, बोट लावलं.

दिसण्याबद्दल एक सांगतो. रोपाला हुबेहूब लाजाळूचा हिरवा रंग, गुलाबी गोंडे असं करू नका. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी उपचारासाठी पारो नावाचा यंत्रप्राणी केला तेव्हा कुत्रा-मांजर न घेता सीलचं पिल्लू घेतलं, कारण खरं सील कुणी मांडीवर घेतलेलं नसतं, त्यामुळे लोक तुलना करत बसत नाहीत. लाजाळू आपल्या मुलांनी पाहिलेली असते. तिची वेळ घ्या, तिचा हुबेहूब चेहरा नको.

आता जोड. तुम्ही दोन अर्ध्या भागात ओतून सिलिकॉननेच चिकटवलंय आणि ते जोडावरच उसवलंय. बहुतेकांचं तिथेच उसवतं, कारण हवेचा दाब जोडाची सगळ्यात कमकुवत जागा शोधून काढतो. पण आपण कोल्हापूरचे. शिरोलीतल्या, गोकुळ शिरगावातल्या फाउंड्र्या रोज आतून पोकळ बीडकाम ओततात, त्यांनी कधी दोन अर्धे ओतून चिकटवलेत का? आत कोअर, म्हणजे पोकळीच्या आकाराचा नंतर काढून टाकायचा गाभा, ठेवतात. तुम्हीही ठेवा. हवेचे कप्पे आणि वाटा यांच्या आकाराचा मेणाचा कोअर करा, साध्या मेणबत्तीच्या मेणाचा, वात काढून. नळीची जागा हेच त्याचं कोअर प्रिंट, म्हणजे टेकायची जागा, त्यावर तो साच्यात टेकेल. मध्ये लोंबकळत असेल तर दोन ठिकाणी सिलिकॉनच्याच छोट्या गोळ्यांचा आधार द्या, फाउंड्रीत कोअरला चॅप्लेट नावाचे धातूचे छोटे टेकू देतात तसा. त्या भोवतीच्या सिलिकॉनला चिकटून एकजीव होतात. सिलिकॉन पूर्ण बसल्यावर, म्हणजे घट्ट झाल्यावर, अख्खा तुकडा ८० अंशाच्या पाण्यात धरा. मेण वितळून नळीच्या भोकातून निघून जातं, दोन-तीनदा गरम पाणी खेळवलं की आतून साफ. जोडच राहत नाही.

दोन भागांच्या सिलिकॉनमध्ये, आम्ही इकोफ्लेक्स ००-३० वापरतो, सम प्रमाणात मिसळायचं असतं. साधारण २३ अंशाला मिसळल्यापासून पाऊण तास हाताळता येतं आणि चार तासांत बसतं. एप्रिल-मेत आमच्या पत्र्याखाली पाऊण तास मिळत नाही, पंचवीस मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, पहाटे ओता. आणि गंधकापासून लांब ठेवा. मी सुरुवातीला डॉक्टरी लेटेक्सचे हातमोजे घालून काम करायचो आणि वरचा थर चार दिवस चिकटच राहायचा. हे सिलिकॉन प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होतं, आणि लेटेक्समधल्या गंधकामुळे ते बसतच नाही. नायट्राइलचे मोजे घ्या. काही मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं, तीही नको. रेझिनच्या ताज्या थ्री-डी प्रिंटच्या साच्यातही हाच घोटाळा होतो. पीएलए या प्लॅस्टिकचा प्रिंट चालतो. गणपतीच्या साच्यांना लागणारं रबर वेगळ्या जातीचं असतं, कुंभार गल्लीतून उरलेलं आणून त्याच्या साच्यात हे ओतू नका.

वाकण्यासाठी एका बाजूला ताण अडवायला लागतो. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २०११ मध्ये चार पायांवर सरकणारा मऊ रोबोट दाखवला, त्यातही वरचा थर जास्त ताणणारा आणि खालचा कमी ताणणारा, एवढंच रहस्य होतं. आपण खालच्या थरात कापड घालायचं. इचलकरंजीचं विरळ विणीचं सुती कापड सगळ्यात चांगलं, सिलिकॉन त्याच्या जाळीतून आरपार जातं आणि सुटत नाही. घट्ट विणीचं पॉपलिन नको. कापताना धाग्याला सरळ कापा. उरेब, म्हणजे तिरकं, कापलंत तर कापडच ताणलं जाईल आणि पान वाकण्याऐवजी नुसतं फुगेल. हे मला शेजारच्या शिंप्याने सांगितलं, मी महिनाभर साच्यात दोष शोधत होतो.

इलेक्ट्रॉनिक्स लावण्याआधी रोप हाताने चालवून बघा. मेडिकलमधून बीपीचं जुन्या पद्धतीचं, काटा असलेलं मशीन आणा. त्यात दाबायचा रबरी फुगा, सोडायचा स्क्रू आणि दाबाचा काटा, तिन्ही आयतं मिळतं. काट्यावरचे १०० म्हणजे १३ किलोपास्कलच्या थोडं वर, म्हणजे तुमची मर्यादा काट्यावर ९० च्या आसपास. एकाने फुगा धरायचा, दुसऱ्याने रोपाला हात लावायचा, आणि पहिल्याने ठरवायचं की किती सोडायचं, किती थांबायचं, कसं भरायचं. दोन दिवस असं खेळा. शाळेतल्या बाईंनाही फुगा हातात द्या. त्यांना मुलं माहीत आहेत, त्यांचा अंदाज आपल्या कोडपेक्षा बरोबर येतो. त्या दोन दिवसांत जी लय सापडेल तीच नंतर कोडमध्ये घाला.

स्वच्छता सोपी आहे, साबणाच्या पाण्याने पुसलं की झालं. धूळ धरायला लागलं तर कॉर्नफ्लोअरचा हलका हात फिरवा, चिकटपणा जातो. पानांच्या बुडाशी चीर दिसली तर तिथेच ताजं सिलिकॉन भरा, पण चीर असलेलं रोप मुलांपुढे ठेवू नका; लहान तुकडा तुटून तोंडात गेला तर घशात अडकू शकतो. रोज सकाळी चेंडू भरतानाच पानं ओढून तपासायची सवय लावा.

उघडण्याच्या वेळेसाठी डब्यावर एक फिरवायचं बटण ठेवा, बाहेरच्या बाजूला, बाईंच्या हाताला येईल असं. चाळीस सेकंद ते दोन मिनिटं. प्रत्येक मुलाला वेगळा वेळ लागतो आणि तो आठवड्यागणिक बदलतो. वहीत तारीख, मुलाचं नाव आणि बटण कुठे होतं एवढंच टिपायला सांगा. गौरी-गणपतीची सुटी लागेपर्यंतची ती पानं मला वाचायची आहेत. कोअर बॉक्स करायला शॉपवर याल तेव्हा वही सोबत घेऊन या.